दहा दिवसांचं बाळ : 'आनंदी गोपाळ' पाहून काही आक्षेप

मंडळाच्या गेल्या बैठकीत आपण 'आनंदी गोपाळ' पाहिला. लष्करात मराठी चित्रपट थेटरात लागण्याचे दिवस गेले, त्यामुळे प्रोजेक्टर, एक पांढरी चादर आणि तीस-पस्तीस खुर्च्या एवढ्यावर भागवलं. नंतर चर्चा झाली. जो उठला त्याने एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली : डॉक्टर मिळाला नाही म्हणून बाळ गेलं, आणि बाळ गेलं म्हणून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. मला यावर बोलायचं होतं, तेवढ्यात चहा आला आणि ते राहिलं. चिटणीस म्हणाले, "मग लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

आधीच सांगतो, मी साहित्याचा माणूस नाही. मेकॅनिकल इंजिनिअर. मालनपूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मेंटेनन्स बघितला आणि इतिहासाचा नाद पन्नाशीच्या आसपास लागला. मोडीही तेव्हाच शिकलो. चित्रपटाच्या कलेबद्दल माझं मत कोणी विचारात घेऊ नये. पण एखादी गोष्ट का बिघडली हे सांगणारे अहवाल मी आयुष्यभर वाचले आणि लिहिले आहेत, आणि माझा आक्षेप त्याच जातीचा आहे.

चित्रपट चांगलाच आहे. समीर विद्वांस यांचा, २०१९चा. ललित प्रभाकर गोपाळराव आणि भाग्यश्री मिलिंद आनंदीबाई. त्याला सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. त्याच्या आधी श्री. ज. जोशींची १९६८ची कादंबरी आहे, जी आपल्यापैकी बहुतेकांनी शाळा-कॉलेजात वाचली. चित्रपटातले गोपाळराव गोंडस केलेले नाहीत, विक्षिप्त आणि हट्टी आहेत, हे मला आवडलं. माझी अडचण आहे ती बाळाच्या मृत्यूपाशी. तिथे कथा वळते. तिथून पुढे सगळं सरळ रेषेत फिलाडेल्फियाला जातं.

मूळ हकीकत सर्वांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात. कल्याणच्या यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी लग्न झालं, नवरा तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टखात्यात. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. पुढे अमेरिका, मार्च १८८६मध्ये एम.डी., त्यानंतर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक, आणि त्या कामावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने मृत्यू. बावीस पुरी नव्हती. (ग्वाल्हेरकरांसाठी एक जोड : १८८६ हेच ते वर्ष, ज्यात किल्ला इंग्रजांकडून परत शिंद्यांच्या हाती आला आणि जयाजीराव वारले. आपल्याकडे त्या वर्षाची आठवण तेवढ्यापुरतीच राहिली आहे.)

आता ते वाक्य. 'वैद्यकीय मदतीअभावी बाळ दगावले.' मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठेही पाहा, हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मिळतं. २०१८ला गूगलने तिच्या वाढदिवसाला चित्र लावलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरलं त्यातही तेच. या वाक्यात आजाराचं नाव नसतं. बाळ अशक्त होतं का, दिवस पुरे भरले होते का, नाळ कशाने कापली, ताप होता की आकडी, काही नाही. आहे ते फक्त एक न आलेला डॉक्टर.

आला असता तर? मी हा प्रश्न उद्धटपणे विचारत नाही, हिशेब म्हणून विचारतो. १८७८-७९च्या सुमारास एखादा उत्तम शिकलेला डॉक्टर, अगदी सिव्हिल सर्जन, दहा दिवसांच्या आजारी बाळासाठी काय करू शकत होता? त्या काळी पहिल्या पंधरवड्यात बाळं नेणारा मोठा आजार म्हणजे धनुर्वात, नाळेच्या जखमेतून होणारा. त्याचा जंतू १८८४ला ओळखला गेला, त्यावरचं पहिलं प्रतिविष १८९०चं. कमी दिवसांच्या बाळांना ऊब देणारी पेटी पॅरिसच्या तार्निए यांनी वापरायला काढली ती १८८०-८१च्या सुमारास, तीही पॅरिसात. पेनिसिलिनला साठ वर्षं अवकाश. आणि बाळंतिणीच्या बाजूने पाहिलं तर पोट फाडून मूल काढल्यावर गर्भाशयाला नीट टाके घालायची पद्धत जर्मनीत झेंगर यांनी मांडली १८८२ला, म्हणजे आनंदीबाई बोटीत बसण्याच्या फक्त एक वर्ष आधी. तोवर ते बहुतेक शिवतच नसत, आणि अशा शस्त्रक्रियेतून आई वाचणं हे नवलच समजलं जाई. आमच्या धंद्यात भेग पडलेलं कास्टिंग न सांधता परत लाइनवर चढवण्यासारखं ते होतं.

तेव्हा एक गोष्ट मात्र हाताशी होती : स्वच्छता. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ला विद्यार्थी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि जिथे एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी मरत होत्या तिथे उन्हाळ्यात दोनच्या आसपास मरू लागल्या. यातली गंमत, म्हणजे गंमत म्हणू नये, अशी की त्याच इस्पितळात सुइणींच्या वॉर्डात बाया मुळातच कमी मरत होत्या. मृत्यू डॉक्टरांच्या हातावर बसून येत होता, शवविच्छेदनाच्या खोलीतून. सांगायचा मुद्दा, 'डॉक्टर असता तर' हे वाक्य एकोणिसाव्या शतकासाठी आपण वाटतं तितक्या सहज बोलू नये.

आणि हे जुन्याच काळाचं आहे असंही नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, गुदमरलेल्या बाळाला कसं सावरायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि त्यावर औषध कसं द्यायचं. १९९९ला 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला : एकोणचाळीस गावांमध्ये नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा बासष्ट टक्क्यांनी घटले. बाळाच्या खाटेशी बसलेली होती ती गावातली शिकवून तयार केलेली बाई. डॉक्टरांनी शास्त्र दिलं, यात शंका नाही. पण आपल्या डोक्यातलं चित्र असतं बॅग घेऊन धावत येणाऱ्या पुरुषाचं.

कारखान्यात मशीन बंद पडलं की अहवाल लिहावा लागतो. वरिष्ठांना एक कारण हवं असतं, आणि ते असं हवं असतं की ज्याने वरच्या कोणाला त्रास होणार नाही. मग दोन प्रकारची कारणं लिहिली जातात. एक, 'सुटा भाग उपलब्ध नव्हता.' दोन, 'ऑपरेटरची चूक.' मशीन बसवतानाच पाया चुकला होता, वेग झेपेल त्याहून जास्त लावला होता, हे कोणी लिहीत नाही, कारण तो निर्णय घेणारी माणसं अहवाल वाचणार असतात. मी स्वतः असे अहवाल लिहिलेले आहेत. म्हणून ओळखू येतात.

'वैद्यकीय मदतीअभावी' हा पहिल्या प्रकारचा अहवाल आहे. सुटा भाग नव्हता. यात लिहायचं राहिलं ते वय. चौदा वर्षांच्या मुलीचं शरीर स्वतःच अजून वाढत असतं. इतक्या लहान आईचं बाळ कमी वजनाचं, कमी दिवसांचं असण्याचा आणि पहिल्या महिन्यात जाण्याचा धोका जास्त असतो, हे आज कुठलीही आशाताई सांगेल. त्या बाळाला नेमकं काय झालं ते यावरून ठरत नाही, हे मान्य. पण दोन कारणं समोर असताना आपण प्रत्येक वेळी न आलेल्या डॉक्टरलाच का निवडतो? कारण वय लिहिलं की बोट गोपाळरावांकडे जातं, आणि गोपाळराव तर नायक आहेत. त्यांच्यामागे तिचे आईवडील, त्यांच्यामागे सगळी जात, सगळा काळ. मग वाटतं, काळावर काय खापर फोडायचं. पण तो काळही मुका नव्हता. मलबारींनी बालविवाहावरची टिपणं १८८४ला काढली, त्यावर पुण्यात रणं पेटली, आणि १८९१ला संमतिवयाचा कायदा झाला, तोही कितीचा, तर बारा वर्षांचा. म्हणजे तो कायदा आधी असता तरी आनंदीबाईंचं चौदाव्या वर्षीचं बाळंतपण त्यात पूर्ण कायदेशीर ठरलं असतं.

चित्रपटाची इथे एक अशी मर्यादा आहे जिला दिग्दर्शकाचा दोष म्हणता येत नाही. पडद्यावर बाळंतीण म्हणून दिसते ती मोठी, जाणती अभिनेत्री. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण परिणाम असा होतो की वय आपल्याला संवादातून कळतं, डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसतं ते एका तरुण बाईचं दुःख. मग मनात प्रश्न येतो तो 'डॉक्टर कुठे होता' हा. 'ही इथे काय करतेय' हा येत नाही. शब्दांना ही अडचण नसते. कादंबरीकाराला, चरित्रकाराला चौदा म्हणजे चौदा दाखवता येतात. म्हणून माझी खरी तक्रार चित्रपटापेक्षा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांशी आहे. त्यात मी आलो.

आनंदीबाईंनी स्वतः वयाचं माप वापरलेलं आहे. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने आपल्याला झालेल्या मारहाणीची यादी दिली आहे आणि ती वयानुसार लावली आहे : दहाव्या वर्षी लाकडाने, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून, चौदाव्या वर्षी आणखी काही नव्या शिक्षा. आणि त्या-त्या वयाच्या शरीराला आणि मनाला हे झेपणारं नव्हतं, असा तिचा निष्कर्ष आहे. मीरा कोसंबींनी या पत्रांवर बारकाईने काम केलं, १९९६चा त्यांचा लेख मिळाला तर जरूर वाचावा. मला त्या यादीतलं 'चौदा' वाचून थांबायला झालं. बाळंतपणाचंच वर्ष. पत्रात ती बाळाचं कारण सांगत नाहीये, हे लक्षात ठेवलं पाहिजे. पण आयुष्य मोजायला तिने कोणती पट्टी घेतली होती ते दिसतं.

आता दुसरा आक्षेप, आणि तो मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. बाळ गेलं 'म्हणून' डॉक्टर झाली, यातल्या 'म्हणून'चा.

२४ फेब्रुवारी १८८३ला कलकत्त्याजवळ सेरामपूरच्या कॉलेजात तिने भाषण केलं. अमेरिकेला का जाते, इथे शिकता येत नाही का, एकटी का, वाळीत टाकतील त्याचं काय, अशा लोकांच्या प्रश्नांना एकेक करून उत्तर दिलं. कॅरोलाइन डॉल यांच्या १८८८च्या इंग्रजी चरित्रात ते छापलेलं आहे. अठराव्या वर्षाच्या आतली मुलगी, इंग्रजीत, भरल्या सभेत. कारण ती काय देते? या देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि ती भरून काढायला मी तयार आहे. बाळाचा विषय ती काढत नाही. काढला असता तर सभा रडली असती आणि अर्धे प्रश्न तिथेच मिटले असते. फिलाडेल्फियाच्या कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलं त्या पत्रातही कारण तेच : पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनी. पुढे प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. तो प्रबंध आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, तिच्याच हस्ताक्षरात, इंटरनेटवर पाहता येतो. स्वतःच्या बाळंतपणाबद्दल त्यात काही नाही, आणि असायला हवं होतं असंही नाही. (प्रबंधाचा रोख प्राचीनांच्या बाजूचा आहे आणि मला तो जरा जास्तच भाविक वाटला. सुश्रुताने आडव्या गर्भाचे प्रकार सांगितले, आई अचानक गेली आणि पोटात मूल हलत असेल तर ताबडतोब काढावं असं सांगितलं, हे खरंच. पण १८८६ला, झेंगरच्या टाक्यांनंतर, दोन्हीची तुलना मला वाचायला आवडली असती. असो, तिला तेवढं आयुष्य मिळालं नाही.)

म्हणजे जिथे-जिथे तिला कारण सांगायचं होतं तिथे तिने बाळाला मध्ये घेतलं नाही. दुःख झालं नसेल असं मी मुळीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच की ते तिने कामाला जुंपलं नाही. जुंपलं आपण. आपल्याला गेलेलं मूल फुकट गेलेलं सहन होत नाही, त्यातून काहीतरी निपजायला हवं. निपजलं की आई सुटली. तिच्यानंतर किती जणींचं मूल गेलं आणि त्या कोणीच झाल्या नाहीत. त्या आपल्या हिशेबात कशा सुटतात?

हे मला चित्रपट पाहून सुचलं असं सांगितलं तर खोटं होईल. हे मला माझ्याच एका लेखावरून ऐकावं लागलं.

२०२१ला मी याच मंडळासाठी आमच्या जिवाजीगंजच्या घरावर लेख लिहिला होता. विटांचं माप, लाकूड कुठून आलं, विहीर कधी बुजवली. त्यात एक परिच्छेद बाळंतिणीच्या खोलीवर होता. मागच्या अंगाची ती काळोखी खोली, शेगडी ठेवायचा कोनाडा, धुरीची भांडी. तिथे मी अभिमानाने लिहिलं होतं की माझ्या आजीची नऊ बाळंतपणं याच खोलीत, डॉक्टरशिवाय, नैसर्गिकरीत्या झाली. माहिती आत्याची. आमच्याकडे ग्वाल्हेरी मराठीत जचकी म्हणतात. आत्याचे शब्द, "आईच्या नऊ जचक्या, एकदाही दवाखाना बघितला नाही." वाक्य ठसकेबाज होतं, मी उतरवून घेतलं.

लेख छापायच्या आधी बायकोने वाचला. ती म्हणाली, "नऊ लिहिलंत. जगली किती?"

मी मोजली. वडील, दोन काका, दोन आत्या. पाच.

"मग तेही लिहा की."

मी म्हटलं, चार गेली याचा पुरावा नाही, वंशावळीत पाचच आहेत. हे बोलताना मला ते फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं. वंशावळीत पाचच असणार. आपल्याकडच्या वंशावळी आणि कुळवृत्तांत ज्यांनी पाहिले आहेत त्यांना माहीत आहे, वंश पुढे नेणाऱ्यांची ती यादी असते. बायको 'पूर्वाश्रमीची अमुक' म्हणून एका ओळीत येते. बारशाआधी गेलेल्याला नावच नसतं, तर लिहिणार काय. आपल्या गावात बाईचं नाव दवाखान्याला मिळतं, गजराराजांचं मेडिकल कॉलेज १९४६चं, त्यांच्या लेकीच्या नावाचं कमलाराजा हॉस्पिटल, पण वंशावळीच्या झाडावर बाई फांदी होत नाही.

पुरावा होता. आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडेच होत्या, मी त्या विटांसाठी वाचल्या होत्या. आता दाईसाठी वाचल्या. 'दाईस' म्हणून अकरा नोंदी सापडल्या, रोख आणि धान्य, चार वेळा सोबत लुगडं. त्यातल्या दोन चुलत आजीच्या जचकीच्या असू शकतात, कारण ती तेव्हा घरातच होती. म्हणून नऊ हा आकडा ठीक आहे, आत्याची आठवण चोख होती. दुसरी गोष्ट मला कळली नसती. चार ठिकाणी, दाईच्या नोंदीनंतर काही दिवसांनी, एका पानावर एकटंच मीठ आहे. पायलीने. मी ते लोणच्याचं धरलं होतं. बायकोने महिना विचारला. एक पौषातलं होतं. पौषात कोण कैरीचं लोणचं घालतं? तिने सांगितलं तेव्हा उजेड पडला. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत, पुरतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात.

मग मी परत आत्याकडे गेलो. आत्या तेव्हा शहाऐंशीची. मिठाचं विचारल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एका मुलाच्या वेळी पाचवी नीट पुजली गेली नाही असं आईच्या मनात कायम राहिलं. सटवाईपुढचा दिवा विझला होता. आई म्हातारपणीही ते काढायची, आपलाच डोळा लागला म्हणून. तीन रात्रींची जागी बाई, तिचा डोळा लागला. दाईने नाळ कशाने कापली हे कोणी विचारल्याचं आत्याला आठवत नव्हतं. भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं ते २०१५ला. त्या दिव्यात तेल असतं तरी फरक पडला नसता, हे आजीला सांगणारं कोणी नव्हतं.

मला तोपर्यंत वाटायचं की अपराधीपणा ही दवाखान्यातून आलेली गोष्ट आहे. नॉर्मल की सीझर हा प्रश्न आला आणि बायकांना टोचणी लागली, पूर्वी निसर्ग होता, सगळं मोकळं होतं. हे मी चारचौघांत बोललोही आहे. आजीच्या विझलेल्या दिव्याने ते मत पडलं.

आमचा मुलगा १९९७चा. शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये, सीझर. अठरा तास कळा झाल्यावर बाळाचे ठोके कमी होताहेत असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, कागद पुढे केला, मी सही केली. पंचवीस मिनिटांत मूल हातात. बारशाला आत्या बायकोला म्हणाली होती, "आमच्या आईनं नऊ काढली घरात, तुमच्या पिढीला धीर नाही." मी तिथेच होतो. पेढे वाटत होतो. ऐकलं आणि हसलो बहुधा. चोवीस वर्षांनी तेच वाक्य मी लेखात, खोलीच्या मापांसकट, कौतुकाने उतरवलं होतं, आणि बायकोला ते प्रूफ म्हणून वाचायला दिलं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा तिने सांगितलं की तिला अजून वाटतं, आणखी दोन तास कळा सोसल्या असत्या तर. मुलगा सव्वासहा फूट आहे, बंगळुरात नोकरी करतो, त्याला दम्याचा थोडा त्रास आहे. दमा निघाला की तिला ते दोन तास आठवतात. मी म्हटलं, अगं, कागदावर सही माझी आहे. तुला तर कोणी विचारलंही नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला काही वाटत नाही. तुम्ही सही करून मोकळे झालात."

मी यावर पुष्कळ विचार केला. ठोके कमी होत होते ते खरंच धोक्याचे होते की थांबता आलं असतं, हे आज कोणी सांगू शकणार नाही. याबाबत आकडे काय म्हणतात ते मी पाहिलं, कारण आकडे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणं सीझरने, सरकारीत चौदा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ला दहा ते पंधरा हे प्रमाण पुरेसं धरलं होतं. शरीर तेच, दार बदललं की आकडा तिप्पट, तर दारात काहीतरी गडबड आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. आणि त्याच वेळी दुसरा आकडाही बोलला पाहिजे : आपल्या मध्यप्रदेशात २००५-०६ला जेमतेम सव्वीस टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, आता नव्वदच्या वर आहेत. जननी सुरक्षा योजना आणि गाड्या आल्या म्हणून मुरैना-भिंडच्या खेड्यांतली बाई आज कमलाराजाच्या दारापर्यंत पोचते. तिच्यासाठी सीझर म्हणजे बऱ्याचदा सरळ जीव. पण पूर्ण लॉटमध्ये किती नग खराब आहेत यावरून हातातला एक नग खराब आहे की नाही ते ठरत नाही, हे शॉपफ्लोअरवरचा पोरगाही जाणतो. सत्तेचाळीस हा आकडा दवाखान्यांना विचारायचा जाब आहे. तो आपण घरी आणून बाळंतिणीला विचारतो.

चर्चेत एका ताईंनी विचारलं होतं की आनंदीबाईंना बाळ गेल्याचं अपराधी वाटत असेल का. प्रश्न मायेने विचारलेला होता. पण आता मला वाटतं, तो गोपाळरावांबद्दल कोणी का नाही विचारला? लग्न, शिकवणं, मारणं, बदल्या, सगळे निर्णय त्यांचे. सह्या त्यांच्या. दीडशे वर्षांत त्यांच्यावर कादंबरी, नाटक, मालिका, चित्रपट झाले, त्यांचा स्वभाव उलटा-सुलटा करून पाहिला गेला. त्या दहा दिवसांचं त्यांना काय वाटलं असेल, हा सवाल आमच्या बैठकीत तरी आला नाही. मलाही तो सुचला नव्हता.

चिटणीसांना एक विनंती आहे. साइटवरच्या माझ्या २०२१च्या लेखात 'नऊ बाळंतपणं नैसर्गिकरीत्या झाली' हे वाक्य आहे ते काढावं. त्या जागी : 'या खोलीत आजीची नऊ बाळंतपणं झाली. पाच मुलं वाढली. चार काही दिवसांत गेली, त्यांची नावं ठेवली गेली नव्हती.' हे तळटीप म्हणून नको, मजकुरातच घालावं. आणि बाळंतिणीच्या खोलीचं माप मी दहा बाय आठ दिलं आहे, ते परत घेतलं, नऊ बाय साडेसात भरलं. तेही दुरुस्त करावं.